कोल्हापुरात धावून नकाशावर चित्र काढायचं तर कुठलं?

तिकटी

रामराम मंडळी.

जीपीएस चालू ठेवून धावलं की आपल्या वाटेची रेघ नकाशावर उमटते. ती रेघ आधी ठरवून, रस्ते निवडून हत्ती, मासा, चेहरा असं काहीबाही काढणारे लोक जगभर आहेत. मला हे कोल्हापुरात करायचंय. बदाम किंवा नवीन वर्षाच्या शुभेच्छा नकोत, त्या कुठल्याही गावात निघतात. चित्र कोल्हापूरचंच हवं आणि ते कोल्हापूरच्याच रस्त्यांतून निघायला हवं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपण सगळे रंकाळ्याला फेऱ्या मारतो, नाहीतर विद्यापीठाच्या आवारात. दोन्ही जागा सुंदर आहेत, पण तिथं पायांना वाट पाठ झालीय. मी शिवाजी पेठेत वाढलो, तरी शनिवार पेठेतले, बुधवार पेठेतले कितीतरी बोळ मी कधी पाहिलेले नाहीत. चित्रासाठी धावायचं म्हटलं की तिथं जावंच लागेल, कारण रेघ तिथून जाते.

कुठला भाग निवडावा, काय काढावं आणि जुन्या पेठांच्या अरुंद बोळांत जीपीएस नीट चालतं का, यावर सांगा. कुणी केलं असेल तर अनुभव लिहा.

तांबडा_पांढरा

नाद खुळा विषय! माझं मत गदेला. खालचा गोळा रंकाळा, दांडा ताराबाई रोड. झालं की!

सागरमाळकर

@तांबडा_पांढरा, भावा, गोळा दांड्यापेक्षा मोठा झाला तर ते लिंबू आणि काडी दिसंल.

नकाशेवाला

छान धागा. तांत्रिक प्रश्नाचं आधी सांगतो.

जीपीएसला जागा ठरवायला किमान चार उपग्रह एकाच वेळी दिसावे लागतात. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलची चूक साधारण ५ मीटर असते. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं असलेल्या बोळात आभाळाची पट्टीच तेवढी उरते, शिवाय सिग्नल भिंतींवर आपटून येतो. मग रेघ या घरातून त्या घरात उड्या मारते. महाद्वार रोडच्या आजूबाजूला हे हमखास होणार.

उपाय साधे आहेत. सुरुवातीला मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटं थांबून सिग्नल पक्का होऊ द्या. घड्याळ दर सेकंदाला नोंद करील असं ठेवा. बॅटरी वाचवणाऱ्या पद्धतीत ते काही सेकंद गाळतं आणि कोपरे कापले जातात. ऑटो-पॉज बंद करा, नाहीतर कुत्र्यापाशी थांबलात की चित्रही थांबतं. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे चित्रच मोठं काढा. दोन किलोमीटर लांबीच्या हत्तीत दहा मीटरची थरथर दिसत नाही. डोळा किंवा नखं अशी बारीक कामं मात्र रुंद रस्त्यावर ठेवा.

थोडा इतिहासही सांगतो. नागरी वापराच्या सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं इकडेतिकडे दिसायची. ते मे २००० मध्ये बंद झालं. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या जेरेमी वूड आणि ह्यू प्रायर यांनी जीपीएसच्या रेघांनी चित्रं काढायला घेतली. चूक शंभर मीटरची असती तर आपल्या पेठेतला आख्खा बोळ चुकीच्या गल्लीत गेला असता.

टोरांटोकर

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या कॅनडात. आमच्या शहरात डंकन मॅककेब नावाच्या धावपटूनं २०२४ मध्ये शंभरहून जास्त वेळा धावून प्रत्येक वेळी काड्यांच्या माणसाची एकेक मुद्रा काढली. ती सगळी चित्रं एकापुढे एक लावली तर तो माणूस नाचतो! इथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे काटकोनात आहेत म्हणून हे जमतं. मंगळवार पेठेत तसा काटकोन शोधून सापडायचा नाही. पण मला आता तीच पेठ नकाशावर बघताना हात फिरवावासा वाटतो. तिकटीभाऊ, तुम्ही काढाच.

शिस्तीत_धावा

माझा विरोध नोंदवतो.

धावणं म्हणजे लय. श्वास, पाऊल, ठरलेला वेग. दर पन्नास पावलांवर वळायचं, मोबाइल बघायचं, चुकलो की मागं फिरायचं, यात ना दम वाढतो ना वेळ सुधारते. काटकोनी वळणं घोट्याला आणि गुडघ्याला वाईट, त्यात आपल्याकडचे पेव्हिंग ब्लॉक आणि गटारांची झाकणं. चित्रच काढायचं असेल तर कागद आहे. पहाटे पाचला उठून मुलं रंकाळ्यावर मेहनत करतात, त्यांना असल्या नादाला लावू नका.

मीनल_रविवारपेठ

@शिस्तीत_धावा, वेळ सुधारण्याच्या दिवशी तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. पण आठवड्यातला एक दिवस सावकाश पळायचाच असतो ना? तो दिवस चित्राला द्यावा. वळणावर चालत वळलं तर घोटाही शाबूत.

मी पेठांतून अशी धावते, म्हणून बायकांच्या बाजूचं सांगते. पहिले काही दिवस लोक बघतात. दारात सडा टाकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "काय ताई, रस्ता चुकलासा काय?" मी म्हटलं, नाही मावशी, मासा काढतेय. त्यांनी मोबाइलवर मासा बघितला आणि पुढच्या खेपेला शेजारणीला बोलावून ठेवलं होतं. आता त्या गल्लीत मला पाणी विचारल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. रंकाळ्यावर इतकी वर्षं जाऊन माझी अशी ओळख कुणाशी झाली नव्हती.

काळजी मात्र घ्याच. ॲपमध्ये सुरुवात आणि शेवटाचा भाग लपवायची सोय असते, ती चालू करा, नाहीतर चित्राची शेपटी थेट आपल्या दारात येऊन थांबते. थेट जागा फक्त घरच्यांना दिसू द्या. चित्र घरी पोचल्यावर टाका. रोजची वेळ आणि वाट कुणाला पाठ होईल असं ठेवू नका.

नकाशेवाला

मीनलताई, अगदी. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या जगभराच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या वाटा एकत्र दाखवणाऱ्या नकाशावर) सैनिकी तळांवरच्या जवानांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या होत्या, तेव्हा मोठा गोंधळ झाला. आपली रेघ आपल्याबद्दल बरंच सांगते.

सागरमाळकर

कुत्र्यांचं कुणीच बोलत नाही. मी बोलतो. पहाटे पाच ते सहा गल्ली कुत्र्यांची. पळणारा दिसला की मागं लागणार. पळू नका, चालायला लागा, डोळ्यांत बघू नका, हातात पाण्याची बाटली असू द्या. साडेसहानंतर दूधवाले, पेपरवाले, शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या की तीच कुत्री शहाणी होतात. आणि रविवार बघा. आठवड्याच्या दिवशी नऊनंतर महाद्वार रोडला चालणाराच अडकतो, धावणार कुठनं.

देवनागरी_धाव

भागाचं उत्तर माझ्याकडे आहे: राजारामपुरी.

जगभरचे लोक रोमन अक्षरं धावतात. त्यात प्रत्येक अक्षर सुटं, म्हणून एक अक्षर संपलं की पुढच्याला जाताना नको ती रेघ पडते. जपानच्या यासुशी ताकाहाशीनं लग्नाची मागणी घालायला जपानभर हिंडून ७,००० किलोमीटरहून लांब अक्षरं काढली, २०१० ला त्याचा विश्वविक्रम नोंदला गेला. एवढ्या मोठ्या अक्षरांत मधल्या रेघा खपतात. गल्लीत खपत नाहीत.

आपल्या लिपीला शिरोरेषा आहे! राजारामपुरीचा मुख्य रस्ता म्हणजे शिरोरेषा आणि पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली हे त्याला लटकणारे काने. शिरोरेषेवरून धावायचं, गल्लीत उतरायचं, अक्षराचं पोट आडव्या रस्त्यानं घ्यायचं, त्याच गल्लीतून वर यायचं, पुढं निघायचं. रेघ कुठंही तुटत नाही. न, म, ग, त, प ही कानावाली अक्षरं थोडी कोनेदार काढली तर छान निघतात. मी "नमन" काढलंय. मुख्य रस्ता नकाशावर तिरका आहे, म्हणून नकाशा थोडा फिरवून वाचावा लागतो, एवढंच. ज्यांना गोल अक्षरं हवीत (क, ठ, छ) त्यांनी दुसरं गाव बघावं.

तांबडा_पांढरा

"नमन" वाचून अंगावर काटा आला भावा. हे दुसऱ्या लिपीत जमणारच नाही.

टोरांटोकर

@देवनागरी_धाव, बंगाली आणि गुरुमुखीवाल्यांनाही जमेल, त्यांनाही वरची रेघ आहे. पण राजारामपुरी आपल्याकडेच!

पंचगंगेकाठी

शाहूपुरीचाही विचार करा. शाहू महाराजांनी १८९५ ला गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ, आखून वसवलेली, म्हणून तिथं रस्ते सरळ आहेत. शाहूपुरी आणि राजारामपुरी जोडून मोठं चित्र काढायचं मनात असेल तर एक अडचण ध्यानात ठेवा. मधून रेल्वे जाते. परीख पूल आणि आणखी थोड्याच जागा आहेत जिथून पलीकडं जाता येतं. जयंती नाल्याचंही तसंच. नकाशावर पेन्सिलीनं काढलेली रेघ नाला ओलांडते, माणूस पूल शोधत बसतो. म्हणून आधी पूल खुणा करून घ्या, मग त्यात चित्र बसवा.

आणि पावसाळ्यात नदीकडच्या भागाचे बेत नकोत. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. पाणी तिकडं सरकायला लागलं की खालच्या रस्त्यांवर नावा येतात.

गुलाल

मी म्हणतो गणपतीच का नको? सोंड, कान, पोट. सगळ्यांना ओळखू येतो, आणि कुणाला नाही आवडणार?

जुनी_पेठ

गणपती नको, असं मला मनापासून वाटतं. ती रेघ गटारावरून, कचऱ्याच्या कोंडाळ्याजवळून जाणार, आपण त्यावरून बूट घालून धावणार. कुणाच्या तरी मनाला लागेल आणि लागलं तर त्यात त्याची चूक नाही. महाराजांच्या चित्राबद्दलही तेच. कोल्हापूरला चित्रांची काय कमी आहे?

गुलाल

जुनी_पेठ काका, पटलं. मागं घेतो. मग हत्ती चालंल?

जुनी_पेठ

हत्ती चालेल की.

पण मला तिकटीच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचंय. सगळे म्हणताय, रस्ते सरळ असलेला भाग शोधा आणि त्यात चित्र बसवा. मला उलट वाटतं. जुन्या शहरात चित्र आधीच आहे, ते पुसलं गेलंय. धावून ते परत काढा.

पहिलं चित्र तळ्यांचं. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. आता रंकाळा, कोटितीर्थ, राजाराम तलाव, कळंबा एवढीच नावं पोरांना माहीत. पण गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. कपिलतीर्थ मंडई ज्याच्यावरून नाव मिळालं ते तीर्थच होतं. शाहू स्टेडियम जिथं आहे तिथं रावणेश्वर तळं होतं. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साठतं ते उगीच नाही, खोलगट जागा पाण्याची आहे. या जागांभोवतीचे रस्ते धावले तर बुजलेल्या तळ्यांचे काठ नकाशावर परत दिसतील. फुटबॉलच्या मॅचला स्टेडियमभोवती गोंगाट करत फिरलेल्या किती जणांना माहीत आहे की आपण तळ्याच्या काठानं फिरतोय?

दुसरं चित्र कोटाचं. शहराला तटबंदी होती आणि तिला वेशी होत्या: गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस, मंगळवारवेस, आदितवारवेस, शनिवारवेस. तट गेला, बिंदू चौकात त्याचा तुकडा अजून उभा आहे. वेशींची नावं मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिली. सहाही वेशींना जोडत धावा. गंगावेशीतून निघा, रंकाळावेस, मग गांधी मैदानाच्या बाजूनं, खरी कॉर्नर, मिरजकर तिकटी, बिंदू चौक आणि शनिवार पेठेतून परत गंगावेस. जिथं नेमका तट होता तिथं आता घरं आहेत, पण लगतचे रस्ते त्याच्याच वळणानं गेलेत. म्हणून ते वाकडे. वाकडे रस्ते म्हणून तुम्ही ज्या पेठा सोडताय, त्यांचा वाकडेपणा असा आलाय.

मीनल_रविवारपेठ

काका, हे वाचून मी नकाशा उघडून बसले. बिंदू चौकाच्या त्या बुरुजाजवळून रोज जाते, त्याचं दुसरं टोक गंगावेशीपर्यंत मनात कधी जोडलंच नव्हतं.

शिस्तीत_धावा

तळ्यांचं आणि वेशींचं मला आवडलं, स्पष्ट सांगतो. यात वळणं कमी, रस्ता सलग, दमही लागेल. हे धावणं आहे. माझा विरोध हृदय आणि माशांना होता, तो कायम.

मीनल_रविवारपेठ

माझ्या माशाला विरोध?

शिस्तीत_धावा

ताई, तुमचा मासा सोडून.

नकाशेवाला

थांबा मंडळी. जुनी_पेठ काकांनी दिलेल्या वेशी मी नकाशावर टिंबं लावून जोडल्या. बघा काय दिसतंय: एका बाजूनं निमुळता, दुसऱ्या बाजूनं पसरट, लांबट आकार. टाच गंगावेशीकडे, पुढचा भाग मिरजकर तिकटीकडे. चप्पल!

आता त्यात पट्टा. रंकाळावेशीतून ताराबाई रोडनं महाद्वारापर्यंत या. अंबाबाईच्या देवळातून धावायचं नाही, म्हणून जोतिबा रोडनं वळसा घेऊन शिवाजी चौक आणि तिथून बिंदू चौक. हा आडवा पट्टा शहराच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत जातो. आणि वाटेत चप्पल लाईन लागते. कोटाच्या रेघेत कोल्हापुरी, आणि तिच्या पट्ट्यावर तिचाच बाजार. मी यात काही ओढूनताणून केलेलं नाही, रस्तेच असे आहेत.

तांबडा_पांढरा

काटा किर्रर्र! गदा रद्द.

देवनागरी_धाव

माझं "नमन" तुमच्या चपलेपुढं ठेवतो. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा नकाशावर चार जिल्हे महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले रंगवले होते. आता खुद्द शहराच्या नकाशावर चप्पल येऊ दे.

घाट_आणि_गल्ली

बारीक सूचना. पट्टा धावायचा तो सकाळी लवकर, महाद्वारापाशी दर्शनाची रांग वाढायच्या आत. नवरात्रात अजिबात नको. आणि जिथं बोळ एखाद्याच्या वाड्याच्या अंगणात संपतो तिथं सरळ परत फिरा. आतून वाट असली तरी ती त्यांच्या घराची. विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण विचारायचं.

वेणी_गोंडा

मी सहसा नुसती वाचते, पण चप्पल म्हटल्यावर लिहावं लागलं. आमच्या घरात हे काम चालतं.

नकाशेवाला दादा, तुमची चप्पल छान आहे, पण अजून ती कोल्हापुरी नाही. नुसता तळ आणि आडवा पट्टा ही कुठलीही चप्पल झाली. तीन गोष्टी पाहिजेत. एक, अंगठा. तो पुढच्या भागात, मधोमध नाही, एका बाजूला. खरी कॉर्नर आणि मिरजकर तिकटीच्या आतल्या गल्ल्यांतून एक लहान वेटोळं घ्या. दोन, कान. कापशी चपलेला पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कान असतात, तळाच्या बाहेर आलेले. म्हणजे रंकाळावेशीपाशी आणि बिंदू चौकापाशी पट्टा संपला की लगेच वळू नका, जरा बाहेर जाऊन छोटी फेरी मारून आत या. तीन, वेणी. पट्ट्यावरून एकदाच सरळ जाऊ नका. जाताना एका बाजूच्या बोळांत आत-बाहेर करा, येताना दुसऱ्या. रेघा एकमेकींना छेदतील आणि पट्ट्यावर वेणी दिसेल.

गोंड्याला जागा उरली तर बघा.

नकाशेवाला

ताई, वेणीची कल्पना बेहद्द आवडली. जीपीएसची थरथर आपल्याला अडचण वाटत होती, वेणीत ती खपून जाईल. वाट नव्यानं आखून धाग्यावर टाकतो, आखलेल्या वाटेची जीपीएक्स फाइलही देतो म्हणजे घड्याळात चढवता येईल.

टोरांटोकर

डावी की उजवी?

वेणी_गोंडा

अंगठा कुठल्या बाजूला घेता त्यावर. खरी कॉर्नरकडे घेतला तर एका पायाची, मिरजकर तिकटीकडे घेतला तर दुसऱ्या. दोन गट केले तर जोड होईल.

तांबडा_पांढरा

दुसरी रंकाळ्याभोवती काढा की! शेजारीशेजारी जोड दिसंल.

सागरमाळकर

रंकाळ्यावर पट्टा कोण काढणार? पोहणारा लागंल.

तिकटी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरलं असं: चप्पल, जुन्या कोटाची. नकाशेवाला वाट आखतील. त्याआधी या रविवारी मी सगळी वाट चालत बघून येणार आहे, कुठला बोळ बंद आहे, कुठं काम चालू आहे ते इथं लिहीन. जुनी_पेठ काका, जमलं तर तुम्ही सोबत चला, वेशींच्या जागा तुमच्याकडून नेमक्या समजून घ्यायच्या आहेत. काढायच्या दिवशी दोन गट: एक अंगठा खरी कॉर्नरला घेणारा, एक मिरजकर तिकटीला. दोघांची सुरुवात गंगावेशीत, सकाळी सहाला. शिस्तीत_धावा, वेग तुम्ही ठरवा, मागं कुणी राहणार नाही असा. बुजलेल्या तळ्यांचं चित्र पावसाळ्यानंतर.

जुनी_पेठ

येतो. चालत असाल तर सगळी वाट येतो. शनिवार पेठेपासून सुरू करू, तिथं ओळखीचे लोक जास्त आहेत, थांबत थांबत जावं लागेल.

शिस्तीत_धावा

वेग ठरवतो. वेणीच्या बोळांत चालायचं, तळाच्या रेघेवर धावायचं. बूट नवे घालून येऊ नका, आधी वापरलेले आणा.

वेणी_गोंडा

दोन्ही गटांची चित्रं इथं टाका. अंगठा नीट आला की नाही ते मी बघून सांगते.